जुन्या नाण्याची प्रत: एक आकडा का पुरत नाही

चाळीसगाव, पारोळा, एरंडोल किंवा धुळे, खानदेशातल्या कोणत्याही गावच्या जुन्या घरात नाणी बहुधा दोन ठिकाणी निघतात. देव्हाऱ्यात दरवर्षी लक्ष्मीपूजनाला पुजले जाणारे चांदीचे राणी छाप आणि राजा छाप रुपये असतात. अडगळीतल्या डब्यात तांब्याच्या शिवराया असतात आणि कधी फारसी अक्षरांचा, वेडावाकडा कापल्यासारखा दिसणारा एखादा चांदीचा रुपया. ही नाणी हातात आली की पहिला प्रश्न किमतीचा येतो आणि दुसरा वयाचा. ज्या प्रश्नावर खरे तर दोन्ही उत्तरे अवलंबून असतात, तो मात्र क्वचितच विचारला जातो: हे नाणे टांकसाळीतून बाहेर पडले तेव्हा कसे होते आणि आज त्यातले किती शिल्लक आहे? संग्राहक ज्याला नाण्याची प्रत किंवा ग्रेड म्हणतात, ती याच प्रश्नाच्या उत्तरातून ठरते. आज आपल्याकडेही ही प्रत एका आकड्यात किंवा दोन अक्षरांत सांगण्याची सवय रुजली आहे. यंत्रावर पाडलेल्या नाण्यांसाठी ती सोयीची आहे. हाताने ठोकलेल्या दख्खनी नाण्यांवर तीच फूटपट्टी लावली, की चांगली नाणी टाकाऊ ठरतात आणि बिघडवलेली नाणी उत्तम ठरतात. अशा नाण्याची झीज, छाप आणि पृष्ठभाग ही तीन अंगे वेगवेगळी पाहिली आणि वेगवेगळी लिहिली, तरच त्याची पारख खरी होते.

आकड्यांची ही पद्धत आली कुठून, ते आधी पाहू. विल्यम शेल्डन या अमेरिकन संग्राहकाने 1949 साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात 1 ते 70 अशी मोजपट्टी मांडली. ती अमेरिकेतल्या सुरुवातीच्या काळातील तांब्याच्या मोठ्या सेंटांसाठी होती आणि तिच्या मुळाशी किमतीचा हिशेब होता. जे नाणे जेमतेम ओळखू येते त्याची किंमत 1 डॉलर धरली, तर जवळजवळ निर्दोष नाण्याची 70 डॉलर असावी, असे ते गणित. बाजारभाव बदलले आणि गणित मागे पडले, पण आकडे टिकले. पुढे 1986 साली पीसीजीएस आणि 1987 साली एनजीसी या अमेरिकन संस्था निघाल्या. नाणे तपासायचे, प्लास्टिकच्या पेटीत बंद करायचे आणि वर प्रतीचा आकडा छापायचा, ही रीत त्यांनी जगभर नेली. 12 म्हणजे फाइन, 20 म्हणजे व्हेरी फाइन, 40 म्हणजे एक्स्ट्रा फाइन आणि 60 पासून पुढे व्यवहारात न वापरलेली नाणी, हे कोष्टक आज भारतीय लिलावांच्या सूचींतही दिसते. म्हणजे एका देशातल्या, एका धातूच्या, ठरावीक वर्षांतल्या नाण्यांसाठी तयार झालेले हे माप सर्व नाण्यांचे माप म्हणून वापरले जात आहे.

कलदार, म्हणजे यंत्रावर पाडलेल्या, रुपयाला हे माप बऱ्यापैकी लागू पडते आणि त्याचे कारणही स्पष्ट आहे. 1835 च्या कायद्याने कंपनी सरकारने रुपयाचे वजन 180 ग्रेन, म्हणजे सुमारे 11.66 ग्रॅम, आणि चांदीचे प्रमाण बारापैकी अकरा भाग असे ठरवले. सारख्या वजनाच्या गोल चकत्या, त्यांवर यंत्राचा सारखा दाब आणि कडेला सारखे दाते, अशी ही नाणी तयार होत. जन्मतः सगळे रुपये जवळजवळ एकसारखे असल्यामुळे आज दिसणारा फरक बहुतेक नंतरच्या वापराचा असतो. राणी छाप रुपयात व्हिक्टोरियाचा गाल, कानावरचे केस आणि पोशाखावरची नक्षी हे उंच भाग आधी झिजतात. एडवर्डच्या रुपयात कानाजवळचे केस आणि दाढी, तर पंचम जॉर्जच्या रुपयात मुकुट आणि झग्यावरचा हत्ती पाहावा लागतो. या उंच भागांवर किती बारकावे उरले आहेत, ते पाहून प्रत ठरते. इथे प्रत ओळखीशीही जोडलेली असते. राणी छाप रुपयावर 1862 हे साल 1874 पर्यंत तसेच ठेवले गेले आणि मुंबई टांकसाळीने प्रत्यक्ष वर्ष दाखवण्यासाठी बारीक ठिपके वापरले. झिजलेल्या रुपयावरचे ते ठिपके गेले, की नाण्याचे खरे वर्षही हातातून जाते. त्यामुळे कलदार रुपयाबाबत झीज हाच मुख्य निकष मानणे योग्य आहे.

आता चाळीसगावहून मनमाडच्या वाटेने चांदवडला जाऊ. होळकरांच्या ताब्यात असलेल्या या गावी मोठी टांकसाळ होती आणि तिथला चांदोरी रुपया या भागात चालत असे. 1883 च्या नाशिक जिल्हा गॅझेटियरमध्ये तिथल्या कामाचे वर्णन आहे. एका रुपयासाठी तीन माणसे लागत. एकाने ठसा धरायचा, दुसऱ्याने ऐरणीवर चांदीचा तुकडा ठेवायचा आणि तिसऱ्याने हातोडा हाणायचा. तासाला सुमारे 2000 नाणी पडत, असे तिथे म्हटले आहे. या वर्णनातली सर्वांत मोलाची माहिती वेगळीच आहे: ठसा चांदीच्या तुकड्यापेक्षा मोठा असल्यामुळे सगळी अक्षरे क्वचितच उमटत. म्हणजे टांकसाळीतून त्याच दिवशी बाहेर पडलेल्या, कोणाच्याही हाताला न लागलेल्या रुपयावरही निम्मा मजकूर नसायचा. मुघल बादशहाच्या नावाचा भाग एका नाण्यावर आला, तर टांकसाळीचे नाव दुसऱ्यावर. यंत्राच्या मोजपट्टीची सवय असलेला माणूस असे नाणे पाहून ‘अर्धे झिजलेले’ म्हणतो. प्रत्यक्षात ती अक्षरे कधी उमटलीच नव्हती. मग ती झिजणार कशी?

अपुरा छाप आणि झीज यांतला फरक भिंगाखाली ओळखता येतो, आणि संग्राहकाने सर्वांत आधी हेच शिकायला हवे. झीज उंच भागांवर होते आणि सगळीकडे साधारण सारखी पसरते. अक्षरांचे माथे सपाट होतात, कडा गोलसर होतात, शेजारच्या सर्व रेषा एकाच प्रमाणात मंद दिसतात. अपुऱ्या छापाची खूण वेगळी असते. नाण्याच्या एका बाजूची अक्षरे धारदार आणि उठावदार असतात आणि त्यांना लागूनच एक भाग एकदम कोरा असतो. हातोडा तिरका बसला असेल, तर एका बाजूच्या कमकुवत भागाच्या बरोबर मागे दुसऱ्या बाजूवरही कमकुवत भाग सापडतो, कारण दोन्हीकडचा दाब एकाच फटक्यातून आलेला असतो. कडेपलीकडे गेलेली अक्षरे मध्येच तुटलेली दिसतात, पण त्यांचा उरलेला भाग ताजा असतो. ही लक्षणे असलेला चांदोरी रुपया झिजेच्या दृष्टीने उत्तम आणि छापाच्या दृष्टीने मध्यम असू शकतो. या दोन विधानांची सरासरी काढून मिळणारा आकडा मात्र कोणतीच खरी माहिती देत नाही.

शिवराईचेही तसेच आहे. एका बाजूला तीन ओळींत ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला ‘छत्र पति’, भोवती ठिपक्यांचे वर्तुळ, असा तिचा साचा. छत्रपती शिवाजी महाराजांच्या 1674 मधील राज्याभिषेकापासून ओळखले जाणारे हे नाणे पुढे पेशवाईतही अनेक ठिकाणच्या टांकसाळींतून पडत राहिले. त्यामुळे अक्षरांचे वळण, वजन आणि आकार यांत मोठी विविधता आहे. ठशावरचा सगळा मजकूर आणि भोवतीचे ठिपके चकतीवर पूर्ण आले आहेत, अशी शिवराई क्वचित मिळते. म्हणून जाणकार संग्राहक ‘श्री’ पूर्ण आहे का, ‘शिव’ची वेलांटी आली आहे का, ठिपक्यांच्या वर्तुळाचा किती भाग दिसतो, हे आधी पाहतो. खूप हाताळलेल्या पण पूर्ण छापाच्या शिवराईवरून तिचा प्रकार ओळखता येतो. कमी झिजलेली पण अर्धीच उमटलेली शिवराई त्या बाबतीत मुकी असते. झिजेच्या मोजपट्टीवर दुसरी वरची ठरेल, अभ्यासाच्या दृष्टीने पहिली. कोणती घ्यावी हे संग्राहकाने आपल्या उद्देशाप्रमाणे ठरवावे, पण त्यासाठी वर्णनात दोन्ही गोष्टी वेगळ्या दिसायला हव्यात.

एकच आकडा किती दिशाभूल करू शकतो, याचा सर्वांत बळकट पुरावा आपल्या शेजारच्या नाशिक जिल्ह्यातला आहे. 1906 साली जोगळटेंभी येथे चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. अभ्यासाला मिळालेली नाणी तेरा हजारांहून अधिक होती आणि ती सगळी क्षहरात क्षत्रप नहपानाची. त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा ठोकलेला होता. राजाच्या चेहऱ्यावर तीन कमानींचा पर्वत आला आणि दुसऱ्या बाजूच्या बाण-वज्रावर उज्जैन चिन्ह. ‘मूळ चित्र किती शाबूत आहे’ एवढेच विचारणाऱ्या मोजपट्टीवर ही नऊ हजार नाणी विद्रूप ठरतील. चेहरा चेपलेला, ग्रीक अक्षरे तुटलेली, चिन्हे एकमेकांत मिसळलेली. पण सातवाहन राजाने क्षहरातांचा पाडाव केला, हे नाशिकच्या लेण्यातील गौतमी बलश्रीच्या शिलालेखाचे विधान याच नाण्यांनी पक्के केले. पराभूत राजाचे चलन विजेत्याने स्वतःच्या नावाने पुन्हा चालवले, हे त्यांच्या अंगावर दिसते. अशा नाण्याची उत्तम प्रत म्हणजे जिच्यात खालचा आणि वरचा असे दोन्ही छाप वाचता येतात ती. इथे तथाकथित दोष हाच नाण्याचा आशय आहे आणि तो लिहायला झिजेच्या कोष्टकात जागा नाही.

तिसरे अंग पृष्ठभागाचे. टांकसाळ आणि बाजार यांच्यानंतर माती आणि माणूस यांनी नाण्याचे काय केले, ते इथे दिसते. खानदेशातली काळी जमीन पाणी धरून ठेवते आणि अशा मातीत शतके पडलेल्या तांब्यावर लालसर आणि हिरवी पुटे चढतात. घट्ट, गुळगुळीत, गडद हिरवे पुट बहुधा स्थिर असते आणि अक्षरांचे रक्षण करते. पावडरीसारखे सुटणारे फिकट हिरवे डाग हे क्लोराइडमुळे चालू असलेल्या क्षरणाचे लक्षण असते. असे नाणे वेगळे आणि कोरड्या जागी ठेवावे लागते. चांदीवर करडा, कठीण थर तयार होतो आणि पुष्कळदा अक्षरांचे बारकावे त्या थरातच उरलेले असतात. चिंच, लिंबू किंवा राख लावून घासले, की थराबरोबर अक्षरेही जातात आणि ती परत आणता येत नाहीत. दरवर्षी लक्ष्मीपूजनापूर्वी चकचकीत केलेला राणी छाप रुपया पाहणाऱ्याला नवा वाटतो, पण भिंगाखाली त्यावर एकाच दिशेच्या बारीक रेघा दिसतात आणि अक्षरांच्या खोबणीत घासण्याची भुकटी अडकलेली असते. दागिन्यासाठी पाडलेले भोक किंवा कडी जोडल्याची डाखही याच अंगात नोंदवायची. श्रद्धेने पुजलेल्या नाण्याचा त्यात काही अपमान नाही. ज्या कुटुंबाला नाणे पूजेसाठी ठेवायचे आहे त्याने ते जरूर पुजावे. मात्र संग्रहासाठी ठेवलेले नाणे फार तर शुद्ध पाण्याने धुवून हलक्या हाताने टिपावे, एवढाच नियम सुरक्षित आहे.

ही तीन अंगे वेगळी पाहण्याचा आणखी एक लाभ म्हणजे बनावट नाणी ओळखू येतात. खरे नाणे ठोकलेले असते, नकली पुष्कळदा ओतलेले. ओतीव नाण्यात चित्राचा मऊपणा उंच भागांपुरता राहत नाही, तो खोलगट भागातही असतो. पृष्ठभागावर बारीक छिद्रे दिसतात आणि कडेवर कधी जोडाची रेष सापडते. म्हणजे झीज कुठे असते हे ज्याला कळले, त्याला झिजेसारखे दिसणारे पण झीज नसलेले काय आहे तेही कळते. याला वजनाची जोड द्यावी. कलदार रुपयाच्या मिश्रधातूची घनता पाण्याच्या सुमारे 10.3 पट असते. 11.66 ग्रॅमचा रुपया दोऱ्याने पाण्यात लटकवून तोलला तर त्याचे वजन सुमारे 1.13 ग्रॅमने घटले पाहिजे. नाणे झिजलेले असले तरी त्याचे कोरडे वजन भागिले पाण्यातली घट, हे गुणोत्तर बदलत नाही. 1940 पासून रुपयातली चांदी निम्म्यावर आली, त्यामुळे त्या रुपयांचे गुणोत्तर साडेनऊच्या आसपास येते. आठच्या आसपास आकडा आला, तर चांदीचा दावा सोडून द्यावा. ईस्ट इंडिया कंपनीचे नाव, 1818 हे साल आणि राम-सीता किंवा हनुमान यांचे चित्र असलेल्या तुकड्यांना मात्र ही कसोटीही लावायला नको. कंपनीने असे चलन काढलेच नव्हते. त्यांवर लाखांचे दावे करणाऱ्यांपासून दूर राहावे.

तीन अंगे वेगळी लिहिण्याच्या या रीतीवर पहिला आक्षेप व्यवहाराचा आहे. दूरवरच्या दोन अनोळखी माणसांत खरेदी-विक्री व्हायची तर दोघांना मान्य असा एक आकडा हवा. तीन अंगांची वर्णने केली तर वाद वाढतील, असे म्हटले जाते. या म्हणण्यात तथ्य आहे आणि कलदार रुपयांसाठी ते मान्य करावे. पण ज्या संस्थांनी एका आकड्याची रीत पसरवली, त्यांतल्या एनजीसीलाच प्राचीन नाण्यांसाठी वेगळी वाट काढावी लागली. तिथे झिजेच्या प्रतीसोबत छाप आणि पृष्ठभाग यांना पाचपैकी वेगळे गुण दिले जातात. हाताने ठोकलेल्या नाण्यांना एक आकडा पुरत नाही, ही गोष्ट व्यापारानेही मान्य केली आहे. मग शिवराई आणि चांदोरी रुपया यांच्या बाबतीत आपण ती का मान्य करू नये? शिवाय वाद वर्णनाने वाढत नाहीत. ‘व्हीएफ’ (व्हेरी फाइन) असे लिहून अर्धवट छापाचे नाणे पाठवले जाते तेव्हा ते वाढतात.

दुसरा आक्षेप असा, की ही सगळी नजरेची बाब आहे. प्रत्येकाचे मत वेगळे होणार, मग तीन मते लिहून उपयोग काय? नजर लागते हे खरे, पण तिला आधार देता येतो. एकाच ठशाची अनेक नाणी जमवली, की प्रत्येकावर उमटलेला वेगळा भाग जोडून मूळ ठसा जवळजवळ पूर्ण मांडता येतो. त्याच्याशी ताडून आपल्या नाण्यावर छापाचा किती भाग आला, हे कोणालाही तपासता येते. वजन आणि व्यास मोजता येतात, छायाचित्र जोडता येते. खानदेशाच्या बाजारपेठांत सराफ हेच काम वेगळ्या हेतूने करत आले. मुघल काळात चालू वर्षाच्या रुपयाला पूर्ण भाव आणि आधीच्या वर्षांच्या रुपयाला बट्टा, असा व्यवहार होता. चांदी खरी आहे का हे पाहण्यासाठी केलेल्या खुणा आजही जुन्या रुपयांवर दिसतात. सराफाला धातूची खात्री हवी होती, संग्राहकाला माहितीची हवी आहे. पण कशासाठी पारख करतो हे ठरवून त्याप्रमाणे कसोटी लावायची, ही शिस्त दोघांनाही सारखीच लागू आहे.

तिसरा आक्षेप किमतीचा. शेवटी नाण्याचा भाव दुर्मिळतेवर आणि मागणीवर ठरतो, मग प्रतीचा एवढा काथ्याकूट कशाला? उदाहरणार्थ, 1939 सालचा चांदीचा रुपया थोडा झिजलेला असला तरी चकचकीत 1918 च्या रुपयापेक्षा कितीतरी महाग जातो. हे बरोबर आहे आणि म्हणूनच प्रत आणि किंमत यांची गल्लत करू नये. भाव दरवर्षी बदलतो, नाण्याची अवस्था मात्र जपणूक नीट असेल तर बदलत नाही. महागड्या सालांवरच आकडा कोरून बदलण्याची लबाडी होते आणि ती पृष्ठभाग बारकाईने पाहणाऱ्यालाच सापडते. किमतीच्या मोहाचा फायदा फसवणारेही घेतात. रिझर्व्ह बँकेच्या नावाने जुनी नाणी विकत घेण्याचे आमिष दाखवून शुल्क उकळण्याचे प्रकार इतके वाढले, की 2021 च्या ऑगस्टमध्ये बँकेला जाहीर इशारा द्यावा लागला. बँक अशा व्यवहारात नसते आणि त्यासाठी कोणतेही शुल्क मागत नाही.

एक गोष्ट मात्र या तिन्ही अंगांत मावत नाही आणि ती सर्वांत मोलाची आहे: नाणे कुठे आणि कशासोबत सापडले. जोगळटेंभीच्या साठ्यातली फक्त सुबक नाणी निवडून विकली गेली असती, तर तेरा हजारांत नऊ हजार पुन्हा ठोकलेली हे प्रमाण कोणालाच कळले नसते. उरलेल्यांवर नहपानाचाच छाप तसाच राहिला आहे, हेही समजले नसते. 1878 च्या गुप्तधन कायद्याने जमिनीत सापडलेल्या, दहा रुपयांहून अधिक मोलाच्या ठेव्याची खबर जिल्हाधिकाऱ्यांना देणे बंधनकारक केले आहे. शंभर वर्षांहून जुने नाणे 1972 च्या कायद्याने पुरावस्तू ठरते आणि खासगी व्यक्तीला ते परदेशी नेता येत नाही. नांगरताना निघालेले मडके उघडून त्यातली चांगली नाणी वेगळी काढणे हा कायद्याचा भंग आहे, तसेच या प्रदेशाच्या इतिहासाचे न भरून येणारे नुकसानही आहे. नाशिकजवळच्या अंजनेरी येथे नाणकशास्त्राची संशोधन संस्था आहे, त्यामुळे अभ्यासाची सोय चाळीसगावपासून फार दूरही नाही. घरातल्या नाण्यांसाठी तर एक पोस्टकार्डाएवढा कागद पुरेल. त्यावर धातू, वजन, व्यास, झीज, छाप, पृष्ठभाग आणि नाणे कुठून आले, या सात गोष्टी लिहाव्यात. नाण्याबरोबर तो कागद पुढच्या पिढीला दिला, की उद्याचा भाव काहीही असो, त्या नाण्याची पारख पुन्हा पहिल्यापासून करावी लागणार नाही.